सुशीचा भात आधी, मासा मागून

मागच्या अंकात शिळ्या भाताबद्दल लिहिताना ओघात मी ओसाकाचं नाव घेतलं होतं. माझी लेक तिथे असते. तिच्या बाळंतपणासाठी मी साडेतीन महिने तिच्याकडे राहून आले, आणि तिथल्या भाताबद्दल दोन वाक्यं लिहिली. तेवढ्यावरून या वेळी आलेल्या पत्रांतली निम्मीअधिक पत्रं सुशीबद्दलची निघाली. त्यामुळे लोणच्यांचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलते आणि या वेळी फक्त सुशीचीच उत्तरं देते.

बाई, नात पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीत तिच्याकडे गेलो की आम्हा दोघांना सुशी खायला नेणार म्हणते. आम्ही दोघंही माळकरी. सुशी म्हणजे कच्चा मासा असं ऐकलंय. नातीचं मन मोडवत नाही आणि माळ तर मोडायची नाही. काय करावं?
– एक आजी, तासगाव

आजी, सुशी हे माशाचं नाव नाही, ते भाताचं नाव आहे. व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेला चिकट भात म्हणजे सुशीचा जीव. त्यावर किंवा त्याच्या पोटात मासा असेल, काकडी असेल, अंडं असेल, ती सगळी सुशीच. भाताशिवाय नुसते कच्च्या माशाचे काप वाढले तर त्याला जपानी माणूस सुशी म्हणत नाही, साशिमी म्हणतो. आपल्याकडे या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आणि सगळा दोष सुशीच्या माथी आला.

तुमच्यासारख्यांना चालतील असे प्रकार जपानमध्ये फार जुने आहेत. आपल्याला खूश करायला कुणी नव्याने काढलेले नाहीत. काकडीची बारीक गुंडाळी असते, तिला कप्पा माकी म्हणतात. कप्पा हा त्यांच्या लोककथांमधला पाण्यात राहणारा प्राणी, त्याला काकडी फार आवडते म्हणून हे नाव. दुसरी काम्प्योची गुंडाळी. काम्प्यो म्हणजे दुधी भोपळ्याच्या जातीच्या फळाच्या लांब फिती काढून वाळवतात आणि लागेल तेव्हा सोया सॉस, साखर घालून शिजवतात. मला ती पहिल्यांदा खाताना आमच्या आईची वाळवणं आठवली. उन्हाळ्यात गवारीच्या शेंगा वाळत घालणाऱ्या घरातल्या माणसाला काम्प्यो समजावून सांगावा लागत नाही. तिसरी मुरवलेल्या पिवळ्या मुळ्याची. त्या मुळ्याला पिवळा रंग यायला कधीकधी हळद घालतात, हे मला लेकीने पाकिटावरचं वाचून सांगितलं, तेव्हा सांगलीच्या बाईला किती आनंद झाला असेल ते तुम्हीच समजून घ्या.

आणि इनारी. तळलेल्या टोफूची, म्हणजे सोयाबीनच्या दुधाच्या पनीरची, पिशवी करतात, ती गोडसर रसात उकळतात आणि आत भात भरतात. इनारी ही त्यांची धान्याची देवता. तिचे सेवक म्हणजे कोल्हे, आणि कोल्ह्यांना तळलेला टोफू आवडतो अशी श्रद्धा. इनारीच्या देवळाबाहेर दगडी कोल्हे बसलेले मी पाहिले, गळ्यात लाल फडकी बांधलेले.

पण आजी, आता नीट ऐका, कारण इथेच माळकऱ्यांची फसगत होते. जपानी स्वयंपाकात ‘दाशी’ नावाचा एक सार असतो. तो बहुतेक वेळा समुद्री शेवाळ आणि सुकवून धुरावलेल्या माशाचे कीस उकळून करतात. इनारीची टोफूची पिशवी, काम्प्यो, सूप, या सगळ्यात दाशी असू शकतो. डोळ्यांना मासा दिसत नाही. एका मोठ्या शहरातल्या हॉटेलात माझ्या जाऊबाईंना ‘प्युअर व्हेज’ म्हणून वाढलेल्या सूपमध्ये हा सार होता. मी चव घेऊन विचारलं तेव्हा वाढणाऱ्या मुलाने आत जाऊन चौकशी केली आणि मग कबूल केलं. जाऊबाई त्या दिवशी घरी येऊन काही जेवल्या नाहीत. त्यांचं ते गप्प बसणं मी विसरलेले नाही, म्हणून इतकं लांबण लावून सांगते आहे.

तेव्हा नातीला सांगा, जागा ठरवण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचार. दाशी माशाचा आहे का, भातात किंवा रसात मिरिन म्हणजे तांदळाची गोड दारू घालतात का, आणि भाज्यांच्या गुंडाळ्या वेगळ्या सुरीने, वेगळ्या पाटावर कापतात का. भातावर पिवळी चौकोनी वडी दिसली तर ती पनीरची समजू नका, ते गोड ऑम्लेट असतं. बाहेरून लावलेले केशरी बारीक दाणे म्हणजे माशाची अंडी. काकडी, अव्होकाडो आणि मुळा एवढ्यावर राहिलात तर पोटभर जेवाल. फक्त एकादशी टाळून जा, शेवटी तो भात आहे.

बाई, मी तुमची ९६ च्या बॅचची विद्यार्थिनी. आता मिरजेला बँकेत आहे. ट्रेनिंगला मुंबईला गेलो की सगळे सुशी खायला जातात. मेन्यूत निगिरी, माकी, उरामाकी, गुनकान अशी नावं. मी दरवेळी शेजारणीने मागवलं तेच मागवते. मासे मी खाते. कुठून सुरुवात करू?
– एक माजी विद्यार्थिनी, मिरज

तुला हे सगळं आधी जुन्या गोष्टीपासून सांगते, म्हणजे नावं पाठ करावी लागणार नाहीत.

ओसाकाहून आगगाडीने तासाभराच्या आसपास गेलं की बिवा नावाचं मोठं गोड्या पाण्याचं सरोवर लागतं. तिथे फुनाझुशी करतात. तळ्यातला मासा आधी कित्येक महिने मिठात ठेवतात, मग त्याच्या पोटात आणि भोवती शिजवलेला भात दाबून भरून पिंपात वर्षभर किंवा जास्त ठेवतात. भात आंबतो, त्या आंबटपणाने मासा टिकतो. भाताचा लगदा होतो, तो परंपरेने काढून टाकतात आणि मासाच खातात. मी एक पातळ काप खाल्ला. वास उग्र, चव खारट-आंबट, आणि तोंडात बराच वेळ राहणारी. माझं माहेर रत्नागिरीचं, सुकटीच्या वासात वाढलेली मी, तरी दुसरा काप घेतला नाही. पण सुशीचं मूळ हेच. मासा टिकवायला भात वापरायचा, ही युक्ती आधी आली. मग लोकांना वाटलं, एवढा भात फेकायचा कशाला? आंबवण्याचे दिवस कमी झाले, भातही खाऊ लागले. पुढे कुणी भातात थेट व्हिनेगरच घातलं, म्हणजे वर्षभर थांबायचं कारण उरलं नाही. आपण इडलीचं पीठ आंबायला वेळ नसला की दही आणि सोडा घालतो, तसंच हे.

आता तुझी नावं.

निगिरी म्हणजे मुठीत दाबलेला. भाताची बोटभर लांब वळी आणि वर माशाचा काप, मधे किंचित वसाबी, म्हणजे नाकात चढणारं हिरवं वाटण. टोकियोचं नाव एदो होतं तेव्हा, १८२० च्या दशकात, हानाया योहेई या माणसाने ती चालवली असं मानतात. आपल्याकडे पेशवाई संपून काही वर्षं झाली होती आणि सांगलीत पहिले चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन राज्य करत होते, तो काळ. निगिरी तेव्हा रस्त्यावरच्या गाड्यावर उभ्याने खायची गोष्ट होती, आणि आकाराने आजच्यापेक्षा बरीच मोठी. आज तिला जो बडेजाव आलाय तो नंतरचा. १९२३ च्या मोठ्या भूकंपात टोकियो उद्ध्वस्त झालं, तिथले कारागीर आपापल्या गावी पांगले आणि त्यांच्याबरोबर निगिरी देशभर गेली.

माकी म्हणजे गुंडाळलेली. नोरी या समुद्री शेवाळाच्या कागदासारख्या पानावर भात पसरायचा, मधे सारण ठेवायचं, बांबूच्या चटईने गुंडाळायचं आणि कापायचं. एकच सारण घातलेली बारीक ती होसोमाकी, चार-पाच सारणांची जाड ती फुतोमाकी. भात बाहेर आणि नोरी आत असेल तर उरामाकी. ही उलटी गुंडाळी अमेरिकेत रुळली, कारण तिथल्या लोकांना काळं पान बघवत नव्हतं. कॅलिफोर्निया रोल तो हाच. तो लॉस एंजेलिसला आधी झाला की कॅनडात व्हँकुव्हरला, यावर अजून वाद आहे. तेमाकी म्हणजे हातात धरून खायचा शंकू. आपला भेळेचा कागदी शंकू डोळ्यांपुढे आण. तो हातात आला की लगेच खायचा, गप्पा मारत बसलीस तर नोरी चामट होते.

गुनकान म्हणजे लढाऊ जहाज. भाताच्या वळीभोवती नोरीची उभी पट्टी लावून वर वाटीसारखी जागा करतात आणि तिच्यात माशाची अंडी भरतात, जी नुसत्या भातावर ठरली नसती. हा प्रकार १९४१ सालचा, टोकियोच्या गिंझा भागातल्या क्यूबे या दुकानातला. चिराशी म्हणजे विखुरलेली. वाडग्यात सुशीचा भात आणि वर सगळं पसरून. घरोघरी सणाला करतात ती ही.

माझ्या मनातली मात्र वेगळी आहे. ओसाकाची ओशिझुशी, म्हणजे लाकडी साच्यात दाबलेली. त्यातली बात्तेरा ही बांगड्याच्या चुलत घराण्यातल्या माशाची असते. मासा मिठात मुरवायचा, मग व्हिनेगरमध्ये, मग साच्यात घालून वर भात, वरून झाकण दाबायचं. साचा काढला की विटेसारखी वडी निघते, तिचे काप करायचे. लेकीच्या घराजवळच्या बाजारात एक म्हातारे गृहस्थ रोज सकाळी ही करायचे. मी काचेबाहेर उभी राहून बघायची. दोन्ही हातांनी झाकण दाबताना ते जरा पुढे झुकायचे, तशी माझी आजी खाऱ्या बांगड्याच्या बरणीवर दगड ठेवताना झुकायची. भाषा एकमेकांची येत नव्हती. महिनाभराने त्यांनी मला आत बोलावून साचा हातात दिला. मी दाबलेला काप त्यांनी वाकून पाहिला, जरा जास्त दाबलाय असं खुणेने दाखवलं आणि तो मलाच बांधून दिला. घरी नेऊन लेकीला आणि जावयाला खाऊ घातला. भात थोडा घट्ट होता, पण बांगडा बांगड्यासारखाच लागला.

आता मागवायचं काय? पहिल्या वेळी एबी निगिरी मागव, ती उकडलेल्या कोळंबीची. मग तामागो, गोड ऑम्लेटची. मग उनागी, म्हणजे वाम माशासारखा लांबट मासा भाजून गोड सॉस लावलेला. तिन्ही शिजलेले, आणि तिन्ही अस्सल. जोडीला एक काकडीची माकी. दुसऱ्या वेळी कच्च्याकडे वळ, आणि ट्यूनाच्या लाल भागापासून सुरुवात कर, जपानी त्याला आकामी म्हणतात. आपल्या कोकणातला कुपा तो याच घराण्यातला. सॅमन मऊ आणि तुपट असतो, नवख्यांना तो लवकर आवडतो. गंमत म्हणजे सॅमनची कच्ची सुशी जपानची जुनी नाही. त्यांच्याकडच्या सॅमनमध्ये जंत असायचे म्हणून ते तो कच्चा खात नसत. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला पाळीव सॅमन तिथे नेला, तेव्हापासून ही सवय लागली. मेन्यूवर ‘इंडियन सॅमन’ दिसला तर तो आपला रावस, त्याचा आणि सॅमनचा काही संबंध नाही.

मेयोनीज आणि क्रीम चीज भरलेल्या, वर तळलेलं कुरकुरीत काहीतरी टाकलेल्या गुंडाळ्या शेजारीण मागवत असेल तर तिला खुशाल मागवू दे. पण तू पहिल्यांदा भाताची चव घे. तो कोमट असावा, दाणा दाणा सुटा पण एकमेकाला धरून, आणि आंबटपणा जिभेच्या मागे कुठेतरी. भात चांगला नसेल तर वर काहीही घाला, ती सुशी चांगली होत नाही.

बाई, आम्ही हरिपूरचे. संगमावर पहाटे जाळं टाकलं की जिवंत मासा मिळतो. मुंबईच्या हॉटेलापेक्षा ताजा. तो कच्चा घालून सुशी करावी म्हणतो. सांगा कशी करायची.
– एक वाचक, हरिपूर

करू नका. नदीतला मासा कच्चा खाऊ नका, मग तो कृष्णेचा असो, वारणेचा असो, आणि कितीही जिवंत असो.

ताजेपणा आणि सुरक्षितपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोड्या पाण्यातल्या माशांमध्ये असे कृमी असू शकतात जे माणसाच्या पोटात गेले की यकृतापर्यंत पोचतात. ते ताज्या माशात जास्त जिवंत असतात, एवढाच ताजेपणाचा अर्थ. लिंबू, व्हिनेगर, वसाबी, मीठ शिंपडणं, यातल्या कशानेही ते मरत नाहीत. शिजवल्याने मरतात. समुद्रातल्या माशांतही जंत असतात. म्हणून कच्चा खायचा मासा आधी खोल गोठवतात, उणे २० अंश सेल्सियसला ७ दिवस, किंवा उणे ३५ ला गोठवून १५ तास. आपल्या घरचा फ्रीज तेवढा खाली जात नाही आणि सारखा उघडला जातो, त्याच्यावर विसंबू नका. उनागी हाही गोड्या पाण्यात वाढणारा मासा, आणि जपानी माणूस तो कधीच कच्चा खात नाही, भाजूनच खातो. त्याच्या कच्च्या रक्तात विषही असतं.

तुमचा पहाटेचा मासा हळद-मीठ लावून तव्यावर भाजा, काटे काढा, आणि मग हवं तर सुशीच्या भातावर ठेवा. ती सुशीच होईल. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारातून उठलेलं कुणी असेल तर हॉटेलातलाही कच्चा मासा त्यांच्यासाठी नको.

बाई, आम्ही शिराळ्याकडचे. आमच्या शेतात इंद्रायणी पिकतो. मुलांनी मोबाईलवर बघून सुशीचा हट्ट धरलाय. जपानी तांदूळ ऑनलाईन फार महाग. इंद्रायणीची सुशी होईल का?
– एक आई, शिराळा तालुका

होईल, आणि चांगली होईल. तुमच्या पत्राने मला सगळ्यात आनंद झाला.

जपानहून परत आल्यावर मी पहिल्यांदा सुशी केली ती घरात होता त्या बासमतीची. यजमानांनी गणपती पेठेतून खास आणलेला जुना, लांब दाण्याचा. गुंडाळी कापायला सुरी लावली आणि भात ताटभर सांडला. दाणा दाणा मोकळा होणं हा बासमतीचा गुण, आणि तोच इथे आड आला. तांदळातल्या पिष्टाचे दोन भाग असतात. एक भात मोकळा ठेवतो, दुसरा चिकट करतो. जपानी आखूड दाण्यात चिकट करणारा भाग जास्त असतो. आपल्या इंद्रायणीतही तसंच. आपण गुरगुट्या भाताला जो तांदूळ घेतो तोच इथे कामाचा. इंद्रायणीला स्वतःचा वास आहे, जपानी तांदळाला इतका नसतो. मला तो वास सुशीत आवडतो. व्हिनेगर लागलं की जरा दबतो.

दोन वाट्या तांदूळ घ्या. हलक्या हाताने चार-पाच पाण्यांत धुवा, पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत. अर्धा तास भिजवून निथळा. नवा तांदूळ असेल तर सव्वादोन वाट्या पाणी, जुना असेल तर अडीच. कुकर नको, शिट्टीच्या जोराने दाणा फुटतो. जाड बुडाच्या पातेल्यात घट्ट झाकण ठेवून उकळी आणा, आच अगदी मंद करा, बारा मिनिटं ठेवा, गॅस बंद करा आणि आणखी दहा-बारा मिनिटं झाकण उघडू नका. मुलं मधे डोकावतील, त्यांना हात लावू देऊ नका.

तोवर पाव वाटी व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर आणि एक लहान चमचा मीठ वाटीत घालून किंचित गरम करा, साखर विरघळेपर्यंतच. तांदळाचं व्हिनेगर मिळालं तर उत्तम. नाही तर सफरचंदाचं घ्या. किराणा दुकानातलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर फार टोचतं, तेच असेल तर निम्मं पाणी घाला.

आता महत्त्वाचं काम. जपानी लोक गरम भात लाकडी पसरट भांड्यात काढतात. लाकूड जादा ओल शोषून घेतं. हे भांडं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लेकीला म्हटलं, अगं ही तर आपली काठवट! तुमच्याकडे भाकरीची जुनी काठवट माळ्यावर पडली असेल तर काढा, स्वच्छ धुवा, ओल्या फडक्याने पुसा आणि भात तिच्यात काढा. व्हिनेगरचं पाणी वरून शिंपडत, लाकडी उलथन्याने कापल्यासारखं करत मिसळा. ढवळायचं नाही, घोटायचं नाही. एकाने हे करायचं आणि दुसऱ्याने पंख्याने वारा घालायचा. हे काम मुलांना द्या. वाऱ्याने वरची वाफ उडते आणि दाण्याला चकाकी येते. काठवट नसेल तर परात चालेल, पण ओल राहते, वारा जास्त वेळ घालावा लागतो. भात अंगाइतका कोमट झाला की ओलं फडकं झाका. फ्रीजमध्ये ठेवू नका, कडक होतो.

गुंडाळताना नोरीची गुळगुळीत बाजू खाली, खरखरीत वर. हात व्हिनेगरच्या पाण्यात ओले करत भात पातळ पसरा, पलीकडची दोन बोटं कडा मोकळी ठेवा. काकडीच्या बिया काढून लांब पट्ट्या, वाफवलेलं गाजर, ऑम्लेटची पट्टी, यातलं एकच काहीतरी. सगळे पहिल्यांदा जास्त भरतात, म्हणून सांगते, मूठभर भाताला एक पट्टी पुरते. सुरी दर कापानंतर ओल्या फडक्याने पुसा. बारीक गुंडाळीचे सहा तुकडे होतात. पहिल्या दोन गुंडाळ्या वाकड्या होतील, तिसरी जमेल.

नोरी महाग मिळते आणि पावसाळ्यात दोन दिवसांत मऊ पडते. काय करावं?
– एक वाचक, विटा

भडंग मऊ पडू नये म्हणून सांगलीत जे करतात तेच. हवाबंद डबा, आणि हात कोरडा. पाकिटातली ओल शोषणारी पुडी फेकू नका, डब्यात तीच ठेवा. मऊ पडलीच तर गॅसच्या मंद आचेवरून वीतभर उंचीवरून दोनदा फिरवा, पापड भाजताना फिरवतो तशी, पण लांबून. लगेच कुरकुरीत होते.

आणि हे पान मिळतं यामागे एक बाई आहेत. नोरीचं शेवाळ वर्षाच्या ठरावीक काळात दिसेनासं व्हायचं, मग त्याचं बी कुठे असतं हे जपानी शेतकऱ्यांना कळत नव्हतं. पीक सगळं नशिबावर. १९४९ साली कॅथलीन ड्र्यू-बेकर या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं की ते शेवाळ मधला काळ शिंपल्यांच्या आत, अगदी वेगळ्या रूपात काढतं. त्यावरून नोरीची खरी शेती उभी राहिली. कुमामोतो भागातल्या उतो गावात त्यांचं स्मारक आहे, दर १४ एप्रिलला तिथे लोक जमतात. त्या स्वतः जपानला कधी गेल्या नाहीत. नोरीचं पाकीट फोडताना मला त्या आठवतात.

माझ्या मुलाने हिरवी चटणी समजून वसाबीचा अख्खा गोळा तोंडात टाकला आणि रडू लागला. हे खातात तरी कसं? सोया सॉस किती घ्यायचा? काड्यांनीच खावं लागतं का?
– एक वडील, विश्रामबाग

बिचाऱ्याला पुढच्या वेळी आधी सांगा की ही मिरची नव्हे, ही फेसलेल्या मोहरीची बहीण आहे. जिभेला न लागता थेट नाकात चढते, आणि मिनिटभरात उतरते. वसाबी मोहरीच्याच कुळातली, डोंगरातल्या थंड वाहत्या पाण्यात वाढणारी. खरी वसाबी महाग आणि किसल्यावर थोड्याच वेळात तिचा झणका जातो. त्यामुळे हॉटेलात ट्यूबमधून येते ती बहुतेक वेळा हॉर्सरॅडिशचं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग. चांगल्या दुकानात निगिरीच्या आत कारागीर हवी तेवढी वसाबी आधीच लावतो.

सोया सॉस वाटीत थोडाच घ्या. निगिरी आडवी करून माशाची बाजू बुडवा, भाताची नाही. भात सॉस पितो आणि फुटतो. ताटातलं गुलाबी आलं दोन घासांच्या मधे खायचं, तोंड साफ करायला, सुशीवर ठेवून नव्हे. काड्या नकोत तर नका घेऊ. निगिरी हाताने खाणं तिथे पूर्वीपासून चालत आलंय. मी साडेतीन महिने हातानेच खाल्ली. गव्हाची ॲलर्जी असेल तर नेहमीचा सोया सॉस टाळा, त्यात गहू असतो.

सुशी म्हणजे श्रीमंतांचंच खाणं का? दोन घासांचे एवढे पैसे!
– एक विद्यार्थी, पलूस

तिथे तसं नाही. ओसाकाचे योशिआकी शिराइशी छोटं दुकान चालवायचे, माणसं ठेवणं परवडेना. बिअरच्या कारखान्यात त्यांनी सरकत्या पट्ट्यावरून बाटल्या जाताना पाहिल्या, आणि १९५८ साली सुशीच्या ताटल्या तशाच पट्ट्यावर सोडल्या. आजही तशा दुकानांत ताटलीच्या रंगावरून किंमत ठरते, शेवटी रिकाम्या ताटल्या मोजतात. शाळेतली पोरं, म्हातारी जोडपी, कामगार, सगळे तिथे बसलेले असतात. आपल्याकडे ती महाग पडते, कारण मासा गोठवून विमानाने येतो, नोरी, तांदूळ, व्हिनेगर सगळं बाहेरचं. वरच्या पत्रातला इंद्रायणी आणि काकडी घेतलीस तर खर्च मुख्यतः नोरीचाच.

रात्री केलेली सुशी उरली तर सकाळी डब्यात देता येईल का?
– एक वाचक, जत

कच्चा मासा असेल तर नाही, तो त्याच जेवणात संपवायचा. भाजीची माकी रात्रभर बाहेर ठेवू नका, आणि फ्रीजमध्ये भात खडीसारखा होतो. त्यामुळे गुंडाळून ठेवूच नका, भात आणि नोरी वेगळी ठेवा.

आमच्याकडे सुशीचा भात उरला की लगेच गार करून फ्रीजमध्ये जातो. सकाळी तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, शेंगदाणे, दोन सुक्या मिरच्या आणि अर्धा चमचा हळद, वर तो भात घालून पाण्याचा हबका मारते आणि झाकण ठेवून दणदणीत वाफ आणते. आंबट-गोड तो आधीच असतो, लिंबू-साखर लागत नाही. यजमान बाकी सुशीला फारसे राजी नसतात, पण हा फोडणीचा भात मिळावा म्हणून आदल्या रात्री माझ्याशेजारी उभं राहून पंखा घालतात.